वर येण्याचे गणित

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल मालवणला गेली होती. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, नाहीतर विहीर. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. पर्यटकांना पाण्याखाली नेणारे पाणबुडेही त्या किनाऱ्यावर पुष्कळ. त्यांतल्या एकाच्या मनगटावर जाड घड्याळासारखे काहीतरी होते. विचारले, तर म्हणाला, "हा कॉम्प्युटर. वर कधी आणि किती सावकाश यायचं ते सांगतो." खाली जायला हिंमत लागते हे ठाऊक होते, वर यायला गणित लागते हे नव्याने कळले. परत आल्यावर त्या विषयावर सापडेल ते वाचत सुटलो.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाणबुड्याला त्याच दाबाची हवा श्वासात घ्यावी लागते. हवेचा सुमारे चार पंचमांश भाग नायट्रोजन. शरीराला त्याचा उपयोग नाही, पण दाबाखाली तो रक्तामांसात विरघळत राहतो. आपल्या बाजारातली गोळी सोड्याची बाटली आठवा. गोळी आत ढकलली की सोडा कसा फसफसतो! झटकन वर आलेल्या पाणबुड्याच्या अंगात तेच घडते. सांध्यांत बुडबुडे अडकले तर माणूस वेदनेने वाकतो. मज्जारज्जूत अडकले तर लुळा पडतो, प्रसंगी मरतो.

यावरचा हिशेब ब्रिटिश आरमारासाठी जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने मांडला. (पुढे भारतात येऊन १९६१ साली भारतीय नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव.) त्यांनी पोलादी कोठीत शेळ्या ठेवल्या, दाब वाढवला आणि निरनिराळ्या रीतींनी उतरवून पाहिला. दुखू लागले की शेळी पुढचा पाय उचलून धरी. शरीराचे काही भाग वायू लवकर पितात, काही सावकाश, असे धरून त्यांनी पाच भाग कल्पिले. पहिला पाच मिनिटांत निम्मा भरतो, तर शेवटचा पंचाहत्तर मिनिटांत. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे त्यांचे कोष्टक १९०८ साली प्रसिद्ध झाले. पुढे झुरिकच्या ब्यूलमान यांनी पाचाचे सोळा भाग केले. आज मनगटावरचे यंत्र हाच हिशेब क्षणाक्षणाला करते. हौशी पर्यटकाच्या उथळ बुडीला त्याची फारशी गरज पडत नाही. पण हेलियम मिसळलेली हवा घेऊन साठ-शंभर मीटर खाली जाणाऱ्यांना वर यायला कधी कधी तास लागतात.

मात्र या यंत्राला चमत्कार समजू नये, असे माझे मत आहे. ते रक्त तपासत नाही, बुडबुडे मोजत नाही. खोली आणि वेळ घेऊन ते एका कल्पित देहाचा हिशेब करते; तुमचा देह त्याला माहीत नसतो. शिवाय हिशेबही चुकतो. पुष्कळ खोलवरच थांबे घ्यावेत, असे मध्यंतरी अनेकांना पटले होते. २०११ साली अमेरिकन आरमाराच्या चाचणीचा अहवाल आला, आणि खोल थांबणाऱ्यांनाच अधिक त्रास झाल्याचे दिसले. तरीही मी या यंत्राच्या बाजूचा आहे. हिशेब मांडलेला असला म्हणजे त्यातली चूक दाखवता येते.

आमच्या गावात हिशेब मांडलेला नाही. काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात माझे चुलते विहिरीत गाळ काढायला उतरले. वीज नव्हती. वरून पंप पंचवीस फुटांपलीकडे पाणी ओढत नाही, म्हणून डिझेल इंजिनच आत कड्यावर ठेवले होते. चुलत्यांना भोवळ आली. कमरेला दोर होता म्हणून ते वाचले. "आसरांनी धरलं," असे गाव म्हणाले आणि नारळ फोडून मोकळे झाले. पण उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहिला होता, आणि तो नीट जळत होता!

याचे उत्तर मला हाल्डेन यांच्याकडेच मिळाले. पाणबुड्यांच्या आधी ते कोळशाच्या खाणींतल्या मृत्यूंचा शोध घेत होते. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड माणसाचे रक्त निकामी करतो, पण दिवा विझवत नाही. म्हणून खाणीत उंदीर किंवा पिंजऱ्यातला पक्षी न्यावा, असे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुचवले होते. आता तर हा वायू मोजणारी हातात मावणारी यंत्रे आहेत. एकाच माणसाच्या दोन शोधांपैकी एक समुद्रात हौशी माणसाच्या मनगटापर्यंत पोहोचला आणि दुसरा आमच्या विहिरीच्या काठापर्यंत आला नाही. ग्रामपंचायतीत असे एक यंत्र ठेवणे अवघड आहे, असे मला वाटत नाही.

यंदा पुन्हा गाळ काढायचा आहे. इंजिन वरच ठेवा, असे मी सांगितले. चुलते म्हणाले, "आरं, वरून पाणी वढतंय का ते?" ओढत नाही, हे खरेच. म्हणून इंजिन बंद करून वर काढल्याशिवाय आणि आतली हवा पालटल्याशिवाय कोणी उतरायचे नाही, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. आणि वायू मोजायचे यंत्र चार दिवस भाड्याने मिळते का, ते परभणीत विचारत फिरतो आहे.