दारातल्या डॉक्टरची परीक्षा

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रस्त्यावरील फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि १२ कामगारांचा बळी गेला. अग्निसुरक्षेची चर्चा झाली, अनधिकृत बांधकामांची झाली. एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. अशा आगीतून जो जिवंत बाहेर येतो, त्याला रुग्णालयाच्या दारात कोण तपासतो?

धुराने कोंडलेल्या रुग्णाच्या बोटाला लावलेले यंत्र प्राणवायू पुरेसा असल्याचे दाखवते. ते फसवे असते. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांतला भेद त्या यंत्राला कळत नाही. भाजलेला घसा काही तासांत सुजून बंद होतो; नळी त्यापूर्वीच घालावी लागते. हे ज्ञान केवळ सेवाभावाने येत नाही. त्यासाठी तीन वर्षांचे शिक्षण आणि कठोर परीक्षा लागते.

अमेरिकेत या विषयाच्या तज्ज्ञांची परीक्षा १९८० मध्ये सुरू झाली. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेला आपत्कालीन वैद्यकास स्वतंत्र विशेषशाखा मानायला २००९ साल उजाडले! त्यानंतर एम.डी.ची पदवी आली, डीएनबीही आली. २०२० च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग अनिवार्य केला. सुटकेचा श्वास घ्यावा, तोच २०२३ च्या नव्या निकषांत अनिवार्य विभागांच्या यादीतून त्याचे नावच गळाले. परीक्षा घ्यायची, पण उत्तीर्ण झालेल्याला हक्काची जागा द्यायची नाही, हा कुठला न्याय? मग आपले तरुण ब्रिटिश महाविद्यालयाची परीक्षा देऊन तिकडची वाट धरतात, यात नवल ते काय? शिकतात ते आपल्या रुग्णांवर. सेवा मात्र परक्यांची!

तज्ज्ञ पुरेसे नाहीत, असे म्हटले जाईल. पण विभागच नसेल, तर तज्ज्ञ घडणार कुठे? प्रत्येक आपत्कालीन रुग्णाला तात्काळ उपचार देणे हे डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. कर्तव्य सांगायचे आणि ते निभावण्याचे शिक्षण ऐच्छिक ठेवायचे, ही आत्मवंचना होय.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. हा विभाग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात बंधनकारक असावा आणि उपनगरांतील प्रत्येक मोठ्या पालिका रुग्णालयाच्या दारात अहोरात्र परीक्षा उत्तीर्ण झालेला तज्ज्ञ हवा. साकीनाक्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा प्राण ऐच्छिक नाही. मग त्याला वाचवणारी विद्या ऐच्छिक का?