व्याख्येच्या चौकटीत लाजवंती मावत नाही

आमच्या शहरात बीबी का मकबरा दाखवणारे गाईड प्रेमाचा विषय दोन वाक्यांत उरकतात. ताजमहाल म्हणजे नवऱ्याचे बायकोवरचे प्रेम, मकबरा म्हणजे मुलाचे आईवरचे! दिलरस बानू बेगम 1657 साली वारली तेव्हा शहजादा आजम चार वर्षांचा होता, आणि 1660-61 च्या सुमारास मकबरा उभाही राहिला. सात-आठ वर्षांच्या पोराने तो बांधला काय? बादशहाचा हात त्यात असणारच. पण औरंगजेबाच्या खात्यावर प्रेम जमा करायला कोणी तयार नाही. आधी व्याख्या ठरते, मग माणसे तिच्यात कोंबली जातात.

साहित्यातही हेच चालते. मराठीचे संपादक मुस्लीम लेखकाकडे तलाक, बुरखा आणि दंगलीच्या कथा मागतात. जणू आमच्या मोहल्ल्यात कोणी कोणावर जीव लावतच नाही. आणि आमचे बुजुर्ग विचारतात, ‘प्रेमकथा लिहिता? मग इश्क हकीकी की मजाजी, ते आधी सांगा!’ या दोघांनाही मी राजिंदर सिंह बेदींची ‘लाजवंती’ ही उर्दू कथा पुन्हा वाचायला सांगते.

फाळणीत लाजवंती पळवली जाते. तिचा नवरा सुंदरलाल लुधियान्यात समिती काढून, परत आलेल्या बायकांना मनात जागा द्या, असा प्रचार करत हिंडतो. पूर्वी तो तिला बेदम मारायचा. ती परत येते तेव्हा तो तिला मारत नाही, ‘देवी’ म्हणतो. मात्र तिला सगळे सांगायचे असते, तेव्हा तो ऐकून घेत नाही. झाले गेले विसरून जा म्हणतो. तिला पुन्हा पूर्वीची लाजो व्हायचे असते. घर बसते आणि बाई उद्ध्वस्त होते.

आता प्रेम कशाला म्हणायचे? मारत होता पण आपला होता, त्याला? की पूजा करतो पण ऐकत नाही, त्याला? बेदी उत्तर देत नाहीत. ‘मग कथेचा संदेश काय?’ असे विचारणाऱ्यांची मला कीव येते. कथा म्हणजे गाईड नव्हे.

आपल्याही लोकांना एक गोष्ट सुनावली पाहिजे. ज्याच्याकडे ती राहिली तो मुसलमान तिला मारत नव्हता, हे वाक्य आमचे वाचक मोठ्या अभिमानाने उचलतात. पण त्याच्या पुढचे का गाळता? तो मारत नव्हता तरी तिला त्याची भीती वाटे. न मारणे हे काही प्रेमाचे प्रमाणपत्र नव्हे.

सरकारही याच पंक्तीतले. अपहृत व्यक्तींविषयीच्या 1949 च्या भारतीय कायद्यात ‘अपहृत’ म्हणजे मुस्लीम बाई, कुठल्याही वयाची, किंवा सोळा वर्षांखालील मुस्लीम मुलगा. तिला जायचे आहे की राहायचे, याला त्यात किंमत नव्हती. नवरा, बिरादरी, सरकार: प्रत्येकाने तिचे भले ठरवले, तिला कोणी विचारले नाही.

नववीच्या वर्गात मी ही कथा थोडक्यात सांगितली. मुले म्हणाली, सुंदरलाल चांगला माणूस. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘आपा, उसने पूछा क्यों नहीं?’ बी.एड.ला पाठाचे उद्दिष्ट आधी लिहायला शिकवतात. त्या दिवशी माझे उद्दिष्ट वहीतच राहिले.

याच मातीत सिराज औरंगाबादी झोपले आहेत. त्यांनी इश्क गायला तो हैराण होऊन, व्याख्या करून नव्हे. आमच्या लेखक-लेखिकांनी तेवढी हैराणी तरी बाळगावी. तलाकची कथा जरूर लिहा. पण त्या बाईला आधी विचारा, आणि ती बोलू लागली की मध्येच तिला देवी करू नका.