आजीच्या विसरण्याला ‘वय झालं’ म्हणू नका

एखादी आजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, गॅस पेटता ठेवून निघून जाते, रोजची गल्ली चुकते. आपल्या वस्तीत कुणी म्हणतो, वय झालं. कुणी म्हातारचळ म्हणून हसतो, तर कुणी देवऋषी गाठतो. हे थांबले पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते. हा मेंदूचा आजार असू शकतो, आणि आजाराला तपासणी लागते.

मेंदूतल्या दोन पेशींमध्ये अतिशय बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते आणि निरोप पुढे जातो. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. आपण काही शिकतो, लक्षात ठेवतो, तेव्हा हे सांधे बळकट होतात. १९९१ साली रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांचे मेंदू तपासले. ज्याचे सिनॅप्स जास्त घटलेले, त्याची समज आणि स्मरणशक्तीही जास्त गेलेली, असे त्यांना आढळले. म्हणूनच हे सांधे वाचवायचे कसे, या प्रश्नावर आज अनेक तरुण संशोधक पीएच.डी. करत आहेत.

मग औषध निघेपर्यंत वाट पाहायची का? डोनेपेझिल हे जुने औषध सांध्यातले एक रसायन जास्त वेळ टिकवते. त्याने काही रुग्णांना काही काळ फरक पडतो, पण आजार थांबत नाही. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब आजाराचा वेग थोडा कमी करते, तेही सुरुवातीच्या टप्प्यातच. ते शिरेतून दिले जाते आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का, हे पाहायला वरचेवर एमआरआय करावा लागतो. हातावर पोट असलेल्या घराला हे परवडणारे नाही.

आपल्या हातात आहे ते आधीच सांभाळणे. २०२४ साली लॅन्सेट आयोगाने १४ कारणे सांगितली. ती दूर केली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणे, डोक्याला मार, दूषित हवा, एकटेपणा आहे. आणि लहानपणी न मिळालेले शिक्षणही आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत जास्त आहे. ज्या मुलीला शाळा नाकारली, तिला म्हातारपणीही त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून मुलगी शाळेतून काढू नका. चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, चालू गोळ्या मध्येच सोडू नका. ऐकू कमी येत असेल तर कान दाखवा. विसरणे वाढले तर बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी करायला सांगा. त्यांच्या कमतरतेनेही माणूस विसरतो, आणि तसे विसरणे उपचाराने सुधारू शकते. स्मरणशक्तीच्या तेलावर, चूर्णावर पैसे घालवू नका.

आणि आजीवर ओरडू नका. ती मुद्दाम विसरत नाही.