‘वेंधळा’ म्हणण्याआधी

मी ३५ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या वर्गाचा सुंदर हस्ताक्षराबद्दल लौकिक होता. एका वर्षी तिसरीत एक मुलगा आला. पाढे तोंडपाठ, गोष्ट सांगायला लागला की सगळा वर्ग गप्प. पण वही बघवत नसे. अक्षरं ओळ सोडून भरकटलेली, पान खोडरबरानं फाटलेलं. मी त्याला तेच पान पाच-पाच वेळा लिहायला लावलं. वर्गासमोर वही उंच धरून ‘याला म्हणतात गबाळेपणा’ असंही म्हटलं. त्याची आई भेटायला आली. चाचरत म्हणाली, “बाई, हा सातमाशा आहे हो.” मी म्हणाले, “त्याचा इथे काय संबंध?”

संबंध होता. तो मला कळायला माझा नातू जन्मावा लागला, २९व्या आठवड्यात, १,१०० ग्रॅम वजनाचा. काचेच्या पेटीतून घरी आला, उशिरा का होईना, चालू लागला. दोन वर्षांचा झाल्यावर दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या, तेव्हा आम्ही पेढे वाटले. अडचण पुढे आली ती पहिलीत. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, डब्याचं झाकण. लंगडीत दुसऱ्या उडीलाच पाय टेकायचा. एका हातानं पोळीचा तुकडा मोडणं ही केवढी कसरत आहे, हे मला साठी उलटल्यावर उमगलं!

डॉक्टर याला ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतात. शाळकरी मुलांत शंभरात पाच-सहा जणांना तो असतो; ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत प्रमाण कितीतरी अधिक. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू, त्यातही तोल आणि हालचाली सांभाळणारा लहान मेंदू, झपाट्यानं वाढतो. या मुलांना ती वाढ आईच्या पोटाबाहेर, नळ्यांच्या जंजाळात करावी लागते. पुष्कळांची बुद्धी चांगली असते; डोळ्यांनी पाहिलेलं हातांकडून करवून घेणं तेवढं जुळत नाही. पाच वर्षांच्या आत निदान सहसा करत नाहीत. म्हणजे दवाखाना सुटल्यावर दुखणं दिसणार, आणि ते दिसणार आईला नि वर्गातल्या बाईंना.

हे परदेशी खूळ आहे, असं कुणी समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा १८व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यात हेच हातापायांचं आणि लिहिण्याचं अडखळणं पुढे आलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्दही आहे. वाचनाची अडचण २००७च्या ‘तारे जमीं पर’मुळे घरोघरी पोचली. हिच्या नशिबी तसा सिनेमा आला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रवेशअर्जावर जन्मतारीख विचारता, तसं मूल कितव्या आठवड्यात जन्मलं हेही विचारा. सुनेला हे पटत नाही. “आई, उगाच शिक्का बसेल त्याच्यावर.” तिची भीती खोटी नाही. पण शिक्का आजही बसतोच की! वेंधळा, धांदरट, आळशी. मीच किती मारले आहेत. त्यापेक्षा खरं नाव बरं. नीटनेटकेपणाचे गुण कापणं थांबवा, लिहायला जादा वेळ द्या, उत्तर तोंडी घ्या. यावर गोळी नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात तसं एकेका कामाचे तुकडे पाडून सराव करावा लागतो, तोही न रागावता. हे शेवटचं मला सर्वांत जड जातं.

परवा नातवानं शर्ट स्वतः घातला. सकाळची रिक्षा दारात, भोंगा वाजतोय, आणि हा चौथ्या बटणाशी झटतोय. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. एक काज चुकलं होतं, कॉलर तिरकी झाली होती. तो तसाच शाळेत गेला.