भंगारवाला जे घेत नाही, त्याचं काय?

दुधाची पिशवी, तेलाचा डबा, शॅम्पूची पुडी, मुलांच्या चिप्सचं पाकीट. आपल्या घरात रोज एवढं प्लॅस्टिक जमतं. सुका कचरा वेगळा ठेवला की आपलं काम झालं, असं आपण समजतो. भंगारवाल्याला मात्र खरी गोष्ट माहीत आहे. बाटल्या, बादल्या, डबे तो घेतो. चिप्सचं पाकीट बाजूला टाकतो.

कारण सरळ आहे. त्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. शिवाय हा धंदा वजनावर चालतो, आणि शेकडो पुड्या वेचूनही किलो भरत नाही. त्यातला काही माल सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो. जाळण्याला पुनर्वापर कसं म्हणायचं?

जे विकलं जातं, त्यालाही मर्यादा आहेत. पाण्याच्या बाटलीचा बहुतेक वेळा धागा बनतो, पुन्हा बाटली नाही. दरवेळी वितळवताना प्लॅस्टिकचा कस उतरतो. ओईसीडीच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचाच पुनर्वापर होतो.

मुंबईत हे काम कोण करतं? धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक रंगानुसार निवडतात, दळतात, धुतात आणि वितळवून त्याचा दाणा बनवतात. या कामगारांत आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. धूर त्यांच्या छातीत जातो. आता पुनर्विकासात त्यांच्या या धंद्याला जागा कुठे मिळणार, हाही प्रश्न आहे. आणि ज्याला गिऱ्हाईक नाही, तो माल? १९२७ पासून चालत आलेल्या देवनार डंपिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा गोवंडीच्या वस्त्यांनी तो धूर दिवसेंदिवस सोसला.

कायदे कमी नाहीत. २०१८ च्या राज्याच्या बंदीत दुधाची रिकामी पिशवी किमान ५० पैशांना परत घेण्याची तरतूद होती. आपल्यापैकी किती घरांना ते ५० पैसे मिळाले? १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकच्या प्लेटा, कप, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. पुड्या-पाकिटं मात्र त्या यादीत नाहीत. त्यांचा कचरा निस्तरण्याची जबाबदारी नियमाने कंपन्यांवर आहे, पण ती गल्लीत दिसत नाही.

म्हणून आपण दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. घरात दुधाची पिशवी धुऊन, वाळवून ठेवू या; खरकट्या पिशवीला भाव येत नाही. वलीमा, दावतीत स्टीलची ताटं-पेले परत आणू या. पण सगळा दोष घरातल्या बायकांच्या डस्टबिनवर टाकू नका. मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाला विचारा : आमच्या वॉर्डात वेगळा केलेला सुका कचरा पुढे कुठे जातो? आणि ज्या पाकिटाला भंगारवाला हात लावत नाही, ते बनवणारी कंपनी ते परत कधी नेणार?