प्रशिक्षण गोठ्यापर्यंत पोहोचावे

मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वीच गुरांना घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचून घ्यावी लागते. कारण प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे जातात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रात हजारो जनावरे दगावली, तेव्हा माशा, डास व गोचिडांचा बंदोबस्तही किती निकडीचा आहे हे उमगले. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था शेतकऱ्यांना प्रशिक्षण देतात. परंतु गोठ्यातील बरेचसे काम स्त्रिया करतात आणि प्रशिक्षणाला मात्र बहुधा पुरुष जातात. म्हणून अशी शिबिरे मे महिन्यातच, पाड्यापाड्यांवर व स्त्रियांच्या सवडीने भरावीत, असे आम्हांस वाटते. पेरणीच्या तोंडावर बैल दगावला, तर त्या कुटुंबाचे सारे वर्षच हातचे जाते.