कुलपातली पुस्तके आणि शेजारची शाळा

प्रथम वर्षाच्या मराठीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी एक प्रश्न हमखास विचारतो : पाठ्यपुस्तकाबाहेरचे, अथपासून इतिपर्यंत वाचलेले तुमचे शेवटचे पुस्तक कोणते? वर्ग शांत होतो. या मुलांना लेखक ठाऊक नसतात असे नाही. पण ते वेच्यांपुरते. 'श्यामची आई' सर्वांना माहीत असते, ते पुस्तक रात्रींच्या क्रमाने सांगितलेले आहे हे मात्र थोड्यांनाच. आपण प्राध्यापक मंडळी यावर भ्रमणध्वनीला आणि इंग्रजी माध्यमाला दोष देऊन मोकळे होतो. मीही बरीच वर्षे तेच करीत होतो.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या शिबिराच्या निमित्ताने सातवीपर्यंतच्या दोन शाळांतील पुस्तकांची कपाटे उघडून पाहण्याचा योग आला. दोहोंत अंतर सहा-सात किलोमीटर. पहिल्या गावातील बरीच कुटुंबे शहराकडे गेलेली. शाळेचा पट जेमतेम अठरा. पण कधीकाळी कोणा वाचनवेड्या मुख्याध्यापकाने जमवलेला संग्रह तिथे होता : 'किशोर'चे बांधीव अंक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, लोककथा, पक्ष्यांवरची पुस्तके. दुसऱ्या शाळेचा पट दोनशेच्या वर, आणि कपाटात कुठल्याशा योजनेतून आलेली एका साच्यातली चरित्रे, काहींच्या चार-चार प्रती. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे वाचकाची बाजू घेते, तर तिसरे पुस्तकाची. ती दोन्ही सूत्रे एकाच सकाळी, सहा किलोमीटरच्या अंतराने मोडलेली मी पाहिली.

"यातली पन्नास पुस्तके महिनाभर तिकडे का पाठवीत नाही?" असे मी ग्रंथालयाचा कार्यभार सांभाळणाऱ्या गुरुजींना विचारले. ते हसले. "सर, एक जरी हरवलं तर उत्तर कोण देणार? बदली झाली की कपाट मोजून द्यावं लागतं मला."

या उत्तरात मला सगळे दुखणे सापडले. माध्यमिक शाळेत पटसंख्येनुसार पूर्णवेळ वा अर्धवेळ ग्रंथपालाचे पद निदान कागदावर तरी असते. प्राथमिक शाळेत पुस्तके म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडलेला जादा कार्यभार. बाके, घंटा, फळा यांचा हिशेब जसा ठेवायचा, तसाच पुस्तकांचा. बाक वापरले नाही तर ते टिकते, आणि तपासणीत टिकणे हाच गुण ठरतो. ज्याने पुस्तक वाचू दिले आणि ते फाटले, तो दोषी. ज्याने कुलूप लावले, त्याची नोंदवही चोख!

ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके द्यावीत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि पुढे संस्थानातल्या खेड्यांपर्यंत फिरत्या ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतल्या पेट्याही वाचकगटांमध्ये फिरतात. विद्यापीठीय जगात तर जाळ्यांची रेलचेल : दिल्लीत १९८८ मध्ये डेलनेट, १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट. माझ्यासारख्याला एखादा संदर्भग्रंथ हवा असेल तर संघ तालिकेत तो कुठे आहे ते सापडते, आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीतून तो हाती येण्याची वाटही असते. शाळा या व्यवस्थेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. संशोधकाचा वेळ मोलाचा खरा. पण दहा वर्षांच्या मुलाची पुस्तकाची भूक वाट पाहत थांबत नाही, ती मरून जाते.

शाळांसाठी नवे जाळे विणायचीही गरज नाही. महाराष्ट्रात १९९०च्या दशकापासून केंद्रशाळांची व्यवस्था आहे. आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख, आणि शिक्षकांची नियमित शिक्षण परिषद. परिषदेला जाताना प्रत्येक गुरुजींनी पिशवीतून तीस पुस्तके न्यावीत आणि दुसऱ्या शाळेची तीस घेऊन परतावे. सर्व शाळांच्या पुस्तकांची एक सामाईक यादी दोनशे पानी वहीत मावेल. संगणक असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

खरी अडचण त्याच्याही आधी, खरेदीत आहे. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकाच यादीतली तीच पुस्तके घेतली, तर देवघेव करायची कशाची? एका शाळेने कथा घ्याव्यात, दुसरीने विज्ञान, तिसरीने नाटुकली आणि कविता. पाच हजारांत एक शाळा फारसे काही करू शकत नाही. दहा शाळांचे पन्नास हजार मात्र बरेच काही करतात. आणि यात ठराविक प्रमाणात पुस्तके हरवतील, फाटतील, हे आधीच मान्य करून ती विनाचौकशी निर्लेखित करण्याची मुभा गुरुजींना लेखी हवी. ती नसेल तर बाकी सारी योजना कुलपाशी येऊन थांबेल.

एक धास्तीही बोलून दाखवतो. शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा उचलली. ग्रंथालयासारखी साधने शाळांनी वाटून घ्यावीत हे त्यात आहेच. पण २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा 'एकत्र' या शब्दाचा दुसरा अर्थही लक्षात आला. पुस्तके सहा किलोमीटर चालून मुलाकडे जाणे वेगळे आणि मुलाने सहा किलोमीटर पुस्तकांकडे जाणे वेगळे. सहकाराच्या नावाखाली अठरा मुलांची शाळा बंद होणार असेल, तर मी कपाटाला कुलूप लावणाऱ्या गुरुजींच्याच बाजूचा.

त्या गुरुजींनी पुढे स्वतःच्या जबाबदारीवर चाळीस पुस्तके मोठ्या शाळेत पाठवली. दोन महिन्यांनी अडतीस परत आली, पुष्कळशी मळलेली. गहाळ झालेली दोन्ही फास्टर फेणेची. नोंदवहीत त्यांच्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे, हे त्यांनी मला फोन करून विचारले होते.